गळती सापडली

"आई गेली का?" बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"हो, गेली," मी म्हटलं.

रोज सकाळी हा प्रश्न असाच यायचा आणि त्याला हेच उत्तर जायचं. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आई दारातून "येते रे" म्हणायची ते त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि चहा एक कप ओतायचा की दोन, हे तर ठरवायला हवं असायचं. मी चहा घेत नाही. प्रश्न एवढाच होता.

त्या दिवशी मात्र ती गेली नव्हती. जिना अर्धा उतरून परत आली. मी न्हाणीघरात उकिडवी बसून जाळीत अडकलेला केसांचा गुंता काढत होते. आम्हा दोघींचे केस हल्ली फार गळत होते आणि पाणी तुंबायचं. दारावर टकटक झाली.

"ऐकलंस का? गळती सापडली मला."

"कसली, केसांची?"

यावर ती हसली. आईचं हसणं मला चांगलं ठाऊक होतं, पण हे जरा निराळं होतं. आपल्याच पायात पाय अडकून पडलेलं माणूस उठताना हसतं, तसं. "केसांची नव्हे गं बाई. घरचीच निघाली. सांगते उद्या, आता उशीर झालाय."

घरची म्हणजे काय, हे विचारेपर्यंत ती खाली पोचली होती. मी नळाखाली वाकून पाहिलं. नळ कोरडा होता.

संध्याकाळी ती आली तेव्हा माझ्यासमोर छपाईला जायची प्रुफं पसरलेली होती. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधक आहे. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. उजेड कमी झालेला माझ्या लक्षात आला नव्हता. आईने दारातून डोकावलं, दिवा लावला आणि "डोळे जातील एक दिवस" असं नेहमीचं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच झालं, असं डॉक्टर म्हणाले.

नातेवाइकांना फोन काकांनी केले, तिच्या कामातल्या माणसांना मावशींनी. मला कोणालाच काही सांगावं लागलं नाही. लोक घरात आले ते माहीत असूनच आले. त्या आठवड्यात एका सकाळी बाबांनी भांडं हातात धरून सवयीने विचारलं, "आई गेली का?" मग आम्ही दोघंही ओट्याशी उभे राहिलो. बाबांनी एक कप ओतला. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही.

आणि माझ्या तोंडून तो शब्द निघेना. आई तर राहोच, पण वीज गेली, बस गेली, हेसुद्धा. मी म्हणायला लागले, वीज नाहीये, बस चुकली. मृत्यूचे सगळे शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरात तपासले आहेत. निधन, देहावसान, निवर्तल्या, कालवश. यातल्या प्रत्येकाचं ऱ्हस्व-दीर्घ मला येतं. एकही शब्द आईला बसेना.

*

आई इमारती तपासायची. भिंत किती तापते, हवा कुठून शिरते, थंडावा कुठून निसटतो, पाणी आणि वीज कुठे वाया जाते, हे बघून सांगायची. आमच्या शहरात हे काम करणारी ती एकटीच होती, आणि लोक तिला बोलवायचे ते इमारत पुरी झाल्यावर. "मला नेहमी पोस्टमॉर्टेमलाच बोलावतात," ती म्हणायची. "एकदा तरी बाळंतपणाला बोलवा."

म्हणून तिने माणसं जमवायला घेतली. आर्किटेक्ट, प्लंबर, सुतार, वायरमन, गवंडीकाम घेणारे, रंगाचं दुकान चालवणारी तिची मैत्रीण, म्हणजे माझ्या मावशी. पहिली बैठक मावशींच्या गोदामात रंगाच्या डब्यांवर बसून झाली. हिरवी इमारत कशाला म्हणायचं, यावर जितकी डोकी तितकी मतं. एका आर्किटेक्टने भिंतभर काचांच्या इमारतींची चित्रं दाखवली आणि काच हिरवट छटेची आहे, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचं नाव त्या दिवसापासून काचवाले पडलं. ते स्वतःही फोनवर "काचवाला बोलतोय" म्हणतात. प्रत्येकाने आपापली आरती ओवाळून घेतली आणि बैठक संपली.

आई घरी आली ती वैतागून. "सगळ्यांच्या इमारती उत्तम. मग शहर असं भट्टीसारखं का तापतंय, ते कोणी सांगेना."

पुढच्या बैठकीला तिने नियम घातला. भाषण नाही. येताना प्रत्येकाने आपल्या कामातली एक चूक आणायची. जो सांगेल त्याने एका स्टुलावर बसायचं आणि "माझं चुकलं ते असं" म्हणून सुरुवात करायची. स्टुलाचा एक पाय आखूड होता. सुताराने तो नीट करून देतो म्हटलं तर आई म्हणाली, "राहू दे. चूक सांगणाऱ्याने फार आरामात बसू नये." दुसरा नियम असा, की स्टुलावर सांगितलेलं बाहेर न्यायचं ते शहाणपण म्हणून, कोणाची चूक म्हणून नाही. ऐकायला हे सोपं वाटतं.

मला वाटलं होतं, कोणी फिरकणार नाही. पण माणसं वाढत गेली. चूक ऐकायला माणूस कुठूनही येतो, हे मला वर्षानुवर्षं प्रुफं वाचूनही कळलं नव्हतं. आई मला चिडवायची, "तू चुका खोडतेस, आम्ही त्या जपून ठेवतो."

जागाही झाली. आमच्या प्रकाशकाच्या जुन्या छापखान्याची खोली बंद पडून होती, ती मी मिळवून दिली. अजून तिथे शाईचा वास येतो. ती खोली ही त्यांची प्रयोगशाळा. ज्याने त्याने आपापल्या कसबाने ती सुधारायची. दारावर लावायला हिरव्या रंगाची पाटी केली, पण नावावर एकमत होईना. काचवाल्यांना 'परिषद' हवी होती, प्लंबरला 'कट्टा', मावशींना 'मंडळी'. पाटी हिरवी आणि कोरीच लागली. मग लोकच म्हणायला लागले, शनिवारी हिरव्या पाटीला या.

*

भांडण सुरू झालं ते वर्तमानपत्रावरून.

प्लंबर स्टुलावर बसला होता. मी मागे एका खोक्यावर. मी सभासद नव्हते. आई माझी ओळख "ही आमची पाहुणी" अशी करून द्यायची. प्लंबरने सांगितलं, एका वसतिगृहाच्या भिंतींना उष्णता अडवणारा थर लावून झाला होता. नळ टाकायचे राहिले होते. त्याने भिंतीला भोकं पाडली, नळ ओवले, भोवतालच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून गिलावा केला. वर्षभरात आतून ओल आली, बुरशी धरली. त्याने रविवार बघून, कोणाला कळू न देता भिंत खोलली आणि नीट केली.

"आणि कागद?" कोणीतरी विचारलं.

"क्रीडा पान होतं. बुरशी लागलेली, पण स्कोअर वाचता येत होता. आपण हरलो होतो."

खोली हसून पडली. पण त्या महिन्यापासून शहरातल्या कितीतरी कामांवर नळ आधी आणि थर नंतर, असा क्रम सुरू झाला. आई म्हणायची, दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते या एका पानाने केलं.

मग एक दिवस वसतिगृहाच्या मालकाने प्लंबरला बोलावून विचारलं, "काय हो, आमच्या भिंतीत अजून किती क्रीडा पानं आहेत?" आणि पुढचं सगळं काम दुसऱ्याला दिलं.

बाहेर कोणी सांगितलं, ते कळेना. प्लंबरने कोणावर आळ घेतला नाही. त्याने येणं थांबवलं नाही, पण तो दाराशी बसायला लागला. स्टुलावर बसणाऱ्यांच्या चुका एकदम लहान झाल्या. एकाने आपण एकदा चुकीच्या छटेचा रंग दिला, एवढंच सांगितलं. एकाची चूक अशी होती, की तो फार मन लावून काम करतो. काचवाले म्हणाले, बंद करूया हे स्टूल, राजधानीतल्या मोठ्या संस्थेची शाखा होऊया, निदान पाटीवर नाव तरी येईल. माणसं गळायला लागली. आई चहा ढवळत म्हणायची, "गळती शोधायला हवी." हवेची, पाण्याची, माणसांची की बातमीची, हे ती सांगायची नाही. मला वाटतं, तिच्या लेखी ती एकच होती.

आणि मग ती न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाली, सापडली. घरचीच निघाली.

ते वाक्य आता माझ्यापाशी होतं, आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. पहिल्याच दिवशी, माणसांनी भरलेल्या घरात, मावशींनी विचारलं, "शेवटचं काही बोलली का गं?" मी जे होतं ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. एखादी गोष्ट बाहेर कशी जाते, याचं प्रात्यक्षिकच झालं म्हणायचं.

*

पहिल्या मावशीच आल्या. बाबा झोपलेत ना, याची खात्री करून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"तिला कळलं होतं ना, माझ्याबद्दल?"

"काय मावशी?"

"उगाच भोळा चेहरा करू नकोस. अगं, दुकानात दहा माणसं येतात. मी नाव नाही घेतलं कोणाचं. एवढंच म्हटलं, की काही लोक फटीत पेपर कोंबतात."

"मला खरंच काही माहीत नाही."

मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "अगदी आईवर गेलीस. तीसुद्धा समोरच्याला असंच सांभाळून घ्यायची." डोळे पुसून त्या उठल्या. मी काही सांभाळलं नव्हतं.

काचवाले आले ते फुलं घेऊन. फुलं कुठे ठेवायची ते त्यांना कळेना, म्हणून ती त्यांनी बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबा म्हणाले, "अहो, मला काय झालंय?" मग मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा काचवाले मला म्हणाले, "एका जेवणात विषय निघाला होता. माझा उद्देश कौतुकाचा होता. बाई रागावल्या होत्या का?"

"हसत होत्या," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "हसत होत्या म्हणजे फारच रागावल्या असणार."

आईचं ते हसणं मी रोज मनात उलगडून बघत होते. राग होता का त्यात? सुटका होती? मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, कोणी कसं हसलं याची वर्णनं शेकड्याने नजरेखालून घातली आहेत. माझ्या आईचं एक हसू मला वाचता येईना.

सगळ्यात शेवटी प्लंबर आला. त्याने आधी न्हाणीघराची जाळी बघितली, ती काढून साफ केली, हात धुतले आणि मग दारात उभ्यानेच म्हणाला, "ताई, एक विचारू? माझ्याच तोंडून गेलं असेल तर? मी मेव्हण्याला सांगितलं होतं. मेव्हण्याचा मित्र त्या वसतिगृहात भाजी पोचवतो. बाई म्हणाल्या ना, घरचीच निघाली."

"तुमच्या घरची, असं म्हणायचं असेल?"

"कोणाच्या घरची ते तुम्हीच सांगा. तुमच्या की आमच्या?"

मी जाळी उचलून जागेवर बसवली.

"ठरलंय सगळ्यांचं," तो म्हणाला. "शनिवारी शेवटचं जमायचं. बाईंनी मागेच फुंकणीची तारीख घेऊन ठेवली होती, ती वाया का घालवा? खोली तपासायची. आणि ती गळती कोण, ते तुम्ही सांगायचं. कळलं तर हिरवी पाटी चालू राहील. नाही तर पाटी उतरवायची. एकमेकांकडे असं चोरून बघत किती दिवस बसणार?"

"पण मला माहीत नाही हो."

"तुम्ही या तर," तो म्हणाला. इतरांसारखाच त्यानेही विश्वास ठेवला नाही.

*

फुंकणी हे त्यांनी ठेवलेलं नाव. खरं तर तो एक मोठा पंखा असतो. दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवायचं, त्यात हा पंखा. तो खोलीतली हवा बाहेर ओढतो, की जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. मग धुराची बारीक नळी घेऊन भिंतीभिंतीने फिरायचं. धूर सरळ वर गेला तर भिंत शहाणी, वाकला तर तिथे गळती. हे यंत्र लांबच्या शहरातल्या एका गृहस्थांकडे होतं. ते गावोगाव फिरून इमारती तपासायचे आणि वर्ग घ्यायचे. आईची आणि त्यांची ओळख वर्षानुवर्षं, आणि ती बहुतेक फोनवरची. त्यांचं नाव अर्थातच फुंकणीवाले.

शनिवारी मी पोचले तेव्हा ते चौकटीत कापड ताणत होते. उंच, वाकलेले, खिशाला पेनांची रांग. बाकीचे भिंतीला पाठ लावून उभे होते, एकमेकांपासून जरा अंतर राखून.

"तुम्ही बाईंच्या कन्या," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "हनुवटी तीच. बाई कुठेत? मागून येतायत वाटतं? बरेच दिवस त्यांचा फोन लागत नाही."

"बंद आहे," मावशी घाईने म्हणाल्या.

मी सगळ्यांकडे पाहिलं. काचवाले मावशींकडे बघत होते, मावशी प्लंबरकडे, प्लंबर आपल्या चपलांकडे. दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल, असं प्रत्येकाने धरलं होतं. तारीख पक्की करायला काचवाल्यांनी "शनिवारी या" एवढाच निरोप धाडला होता.

मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांनी पंखा सुरू केला. लाल कापड फुगलं, खोलीभर घरघर झाली. "बाई येईपर्यंत आपण डावीकडची भिंत उरकून घेऊ," ते ओरडून म्हणाले आणि धुराची नळी त्यांनी माझ्या हातात दिली. "तुम्ही धरा. स्थिर हात लागतो."

मी ती धरली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कारण या एका माणसाच्या लेखी आईला फक्त उशीर झाला होता. ती कुठल्यातरी गच्चीवर वाकून काहीतरी मोजत असेल, विसरलेली मोजपट्टी घ्यायला परत फिरली असेल. त्यांचं ते जग घरघरत चालू होतं आणि मी त्यात पाहुणी म्हणून उभी होते. आणखी थोडा वेळ, एवढंच माझ्या मनात होतं.

काचवाल्यांच्या खिडकीशी धूर वाकला. वायरमनच्या बटणांच्या पेटीशी वाकला. मावशींनी दिलेल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेल्या फटीपाशी तर आडवाच झाला. एरवी इथे हशा पिकला असता. आज जो तो आपल्या जागेपाशी धूर वाकला की मान खाली घालत होता. शेवटी कोपऱ्यातल्या नळाशी आले. प्लंबर श्वास रोखून उभा. धूर सरळ वर गेला.

"हे काम कोणाचं?" फुंकणीवाल्यांनी विचारलं. प्लंबरने हात वर केला. "उत्तम. नळाभोवती असंच भरायचं असतं. नाही तर लोक काय करतात, माहितीये?" त्यांनी पंख्याचा वेग कमी केला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि वर्गात सांगायची सवय असलेल्या आवाजात सुरुवात केली. "एका वसतिगृहात एका प्लंबरने फटीत वर्तमानपत्र कोंबलं. वर्षाने भिंत उघडली. क्रीडा पान! बुरशी लागलेली, पण स्कोअर वाचता येत होता."

कोणी हसलं नाही. ते जरा गोंधळले. "आपण हरलो होतो," त्यांनी पुरवणी जोडली.

"ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?" काचवाल्यांनी विचारलं.

"बाईंनीच. फोनवर. कामाची गोष्ट आहे, वापरा म्हणाल्या. नाव नाही सांगितलं त्यांनी, त्या कधीच नाव सांगत नाहीत. मी प्रत्येक वर्गात सांगतो. ती ऐकल्यावर कोणी कागद कोंबत नाही." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "गेल्या खेपेला मात्र एक गृहस्थ शेवटपर्यंत हसले नाहीत. वर्ग संपल्यावर म्हणाले, माझंही एक वसतिगृह आहे, आणि माझा प्लंबर रविवारी एकटाच काम करत होता. बाईंना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. सकाळची वेळ होती, त्या जिन्यात होत्या, पावलं ऐकू येत होती. ती थांबली. मग हसायला लागल्या. म्हणाल्या, सापडली हो गळती. तुम्ही येताच आहात, तेव्हा सगळ्यांसमोर स्टुलावर बसून सांगते."

पंखा घरघरत होता. लाल कापड आत-बाहेर होत होतं.

"म्हणजे बाई?" मावशी म्हणाल्या. "स्वतः बाई?"

घरचीच निघाली. म्हणजे हे. असावं. मला अजूनही खात्री देता येणार नाही. ती स्वतःला हसत होती, की नियम करणाऱ्यानेच नियम मोडावा या गमतीला, की एक चूक इतक्या लांब जाऊन इतक्या भिंती वाचवून आली, याला? शनिवारपर्यंत थांबायला ती तयार होती, म्हणजे तिला भीती वाटली नव्हती. की वाटली होती, आणि म्हणूनच शनिवार हवा होता?

प्लंबर दाराजवळची जागा सोडून मध्ये आला. त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचलून मधोमध ठेवलं. ते डुगडुगलं आणि आखूड पायावर कललं. "बाई बसणार होत्या," तो म्हणाला. "मी ऐकायला बसलो असतो. अगदी पुढे बसलो असतो." मग तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. काचवाले त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मधलं अंतर गेलं होतं.

फुंकणीवाले एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काही चुकीचं बोललो का मी? मग असं करू, पंखा चालूच ठेवतो. बाई आल्या की त्यांच्या तोंडूनच ऐका. कुठे गेल्यात त्या?"

पुन्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशींनी ओठ उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी धुराची नळी खाली ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसले. इतकी वर्षं त्या खोलीत येऊन मी त्याच्यावर कधी बसले नव्हते. पाय घट्ट रोवले तरी ते हलतच होतं. मी म्हटलं, "माझ्या आईचं चुकलं ते असं," आणि पुढे मला काही सुचेना, कारण ते तर सांगून झालं होतं. सगळे वाट बघत होते.

"आई गेली," मी म्हटलं.

"हो, पण कुठे?" फुंकणीवाल्यांनी विचारलं. पंख्याच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नसावं, म्हणून ते कानामागे हात धरून पुढे वाकले. "कधी येतील?"

मी उठून पंख्याचं बटण बंद केलं. कापड सैल झालं. खोलीत इतकी शांतता झाली, की माझा आवाज मला फार मोठा वाटला.

"येणार नाही," मी म्हटलं. "माझी आई मेली."